अपघात विभागाचं कुलूप

इस्पितळातले सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. संगणकांची राखण हे त्यांचं काम. मशीन जरा वेळ मोकळं राहिलं की पडदा आपोआप बंद व्हावा, आणि उघडताना ज्याने त्याने आपला पासवर्ड घालावा, हा त्यांचा नेम. माणूस अबोल, कामाला चोख, पण फार शंकेखोर. बायको म्हणायची, यांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही.

त्या नेमाला अपघात विभागात तडा गेला. तिथली मोठी सिस्टर एकदा म्हणाली, "काका, माणूस शेवटच्या घटका मोजतोय, माझे हात रक्ताने भरलेत, आणि तुमचा डबा मलाच विचारतोय, तू कोण?"

काका दिवसभर तिथल्या कोपऱ्यात बसून राहिले. हातमोजे उतरवून पासवर्ड घालेपर्यंत रोग्याला कुठल्या औषधाचं वावडं आहे हे कळत नाही, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी त्यांनी त्या एका खोलीपुरतं पडद्याचं कुलूप काढलं. खोलीत कायम कुणी ना कुणी असतंच, असा त्यांचा अदमास. तो फारसा चुकीचाही नव्हता.

पण एका दुपारी जखमींनी भरलेली गाडी आली आणि सगळ्या सिस्टर दाराकडे धावल्या. आत एकच माणूस उरला. त्याच्या माराला कंटाळून पळालेली त्याची बायको मागे इथे उपचार घेऊन गेली होती, तिची चौकशी करत तो आला होता. उघड्या पडद्यावर त्याने तिचं नाव घातलं, नवा पत्ता वाचला आणि चालता झाला.

दोन दिवसांनी तिला पुन्हा त्याच खोलीत आणलं. एक डोळा गेला होता. नवरा पकडला गेला आणि पत्ता कुठून मिळाला ते त्यानेच सांगून टाकलं.

सिस्टरच्या हलगर्जीपणावर ढकललं तर प्रकरण मिटेल, असं इस्पितळाच्या साहेबांनी काकांना आडून सुचवलं.

"तिने मागितलं," काका म्हणाले, "पण काढलं मी."

नोकरी राहिली, मान गेला. कुलूप पुन्हा लागलं. आता तिथे हातमोजे उतरतात आणि रोगी कण्हत वाट बघतो. सिस्टर काकांशी बोलत नाही. राग नाही तिच्या मनात. बोलायचं तरी काय?

ती बाई बरी होऊन दुसऱ्या कुठल्याशा घरी गेली. एकदा तिच्यासमोर जाऊन उभं राहावं, एवढं काकांच्या मनात आहे. पत्ता मशीनमध्ये आहे आणि सगळ्या मशीनच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडेच आहेत. एकदा जेवताना बायको म्हणाली, "मग बघा की. तुम्हाला कोण विचारणार?"

"तेच तर," काका म्हणाले, आणि अर्ध्या ताटावरून उठले.