डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला

संशयी माणसानं दुसऱ्यांची मनं तपासायची नोकरी करू नये. केलीच, तर किस्से आपोआप साठत जातात! नंदुरबारच्या एका दवाखान्यात मी तेच करतो. बंदूकवाला गार्ड, फायरमन, घाटातला ड्रायव्हर, सगळे नोकरीआधी माझ्यासमोर बसतात. मी प्रश्न विचारतो, मानसोपचारवाल्या मॅडम दाखल्यावर सही करतात.

*

एकदा गार्डच्या नोकरीसाठी अकरा जण आले. "राग येतो का?" अकराही जण म्हणाले, "येतो सर, पण मी दीर्घ श्वास घेतो." शब्दन् शब्द तोच! शहाद्याला स्टँडमागे उत्तरं पाठ करून घेणारा क्लास निघालाय, हे मला त्या दिवशी कळलं.

*

मग मीही वस्ताद झालो. पुढच्याला प्रश्नांचा क्रमच बदलून विचारला.

"दारू घेता?"

"रोज आठ तास, सर!"

झोपेचा प्रश्न माझ्या हातातच राहिला.

*

फायरमन व्हायला कळसाडीचा एक जण आला होता. बायकोशी भांडण? "कधीच नाही सर." फॉर्मवर तर अविवाहित!

"अरे, बायको कुठाय?"

"शोधी ऱ्हायनूत ना सर. पण भांडण नही!"

*

वैतागून मी मॅडमना म्हटलं, "सगळे खोटं बोलतात हो."

"असं कधीपासून वाटतंय तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पेन उघडलं!

*

दर बुधवारी आमचा धडगावला कॅम्प असतो. त्या गाडीला ड्रायव्हर हवा होता. चूक झाली तर दरीत आम्हीच जाणार, म्हणून मी एकेकाला खोदून विचारत होतो, "घाटाची भीती वाटते?" सगळे छातीठोक "नाही."

एकच जण मान खाली घालून म्हणाला, "वाटस सर. तिसरा वळणवर मन्हा बाप गया. तवयपासून जपी जपी गाडी चालाडस."

मॅडमचे डोळे भरून आले. मला माझ्या संशयाची खरंच लाज वाटली. "भिणाराच आपल्याला सुखरूप नेईल," म्हणत मॅडमनी सही केली.

बुधवारी गाडी दारात आली. आम्ही मागे बसलो, घाट लागला. पुढच्या सीटवर टोपी घातलेले एक म्हातारबाबा दांडा घट्ट धरून बसले होते.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही कोण?"

ड्रायव्हरकडे बोट करत ते म्हणाले, "मी याना बाप. पोऱ्या पहिल्यांदाच घाटमा गाडी लयी ऱ्हायना ना सायेब, म्हनीसन संगे ऊनू!"