मूळ मडगार्डच्या शोधात: पुणे ते लालबाग, जुन्या मोटरसायकलवर

बाबांची टू-स्ट्रोक मोटरसायकल मी पुन्हा रस्त्यावर आणली, पण तिचा पुढचा प्लॅस्टिकचा मडगार्ड कुठेच मिळेना. कंपनीने तो बनवणं कधीचं बंद केलंय आणि जुन्या बाजारात सापडतात ते हात लावताच तडकतात. शेवटी एका मित्राने घरच्या थ्रीडी प्रिंटरवर दोन भागांत एक काढून दिला. चिकटवून रंग मारल्यावर झकास दिसत होता. फक्त टायर आणि त्याच्यात जेमतेम बोट शिरेल एवढीच फट उरली होती आणि ती मला खुपत होती.

माझ्या बायकोच्या, केतकीच्या, अरुणमामांकडे गिरगावात हेच मॉडेल मूळ मडगार्डसकट पडून होतं. शिवाय लालबागमध्ये रोहिणी नावाची एक इंजिनिअर जुन्या वस्तू स्कॅन करून हुबेहूब पार्ट बनवते, असं कळलं. दोघं गाडीनेच निघालो.

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुना हायवे धरायचा. लोणावळ्याला चहा, पनवेलला पेट्रोल, मग वाशीचा पूल. पनवेलपासूनच ऊन अंगावर यायला लागलं. दादरला जेवायला थांबलो. सुरमई ताजी होती, सोलकढी दोनदा मागितली. सावलीत जागा नव्हती, म्हणून गाडी भर उन्हात लावली होती.

परळ सोडून लालबागकडे वळलो आणि एका खड्ड्यातून गाडी उसळली. पुढून खर्रर्र असा आवाज आला, हँडल जड झालं आणि चाक जागीच अडकलं. आम्ही आडवे झालो. माझ्या कानाशेजारी बसचे ब्रेक किंचाळले. डोकं वळवलं तर बसचं चाक दिसलं, केतकीच्या पायापासून हातभर अंतरावर. केतकी हलत नव्हती.

"अरे उचल ना तिला! बघत काय बसलायस?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"मी ठीक आहे," केतकी म्हणाली. कोपर सोलला होता, बाकी काही नाही. पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

मडगार्ड उन्हात तापवलेल्या मेणासारखा वाकून टायरखाली ओढला गेला होता. तो उपटून काढला आणि गाडी ढकलत रोहिणीच्या गाळ्यापर्यंत नेली. तिने तुकडा हातात घेऊन वाकवून पाहिला. "हे घरच्या प्रिंटरचं साधं प्लॅस्टिक. उन्हात मऊ पडतं. शोपीसला चालतं, चाकाजवळ नाही. मूळ पार्ट आणा, आपण नायलॉनमध्ये काढू."

टॅक्सीने गिरगावला गेलो. आम्हाला बघून मामांनी आधी केतकीच्या कोपराला हळद लावली. मडगार्डचं ऐकल्यावर मात्र उठून गाडीपाशी गेले. त्यांची तरुणपणीची एकच गाडी. "न्या जावईबापू, पण मी बरोबर येणार. पापड झालाय त्याचा."

परतीच्या टॅक्सीत चादरीत गुंडाळलेला मडगार्ड मांडीवर घेऊन ते बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ते तो दोन्ही हातांनी अलगद वर धरत.

रोहिणीने त्यावर पांढरा फवारा मारला. चकचकीत पृष्ठभाग स्कॅनरला नीट दिसत नाही आणि हा थर नंतर आपोआप उडून जातो, असं तिने सांगितलं. मामा तरीही दोनदा "रंग खाणार नाही ना?" म्हणाले. स्क्रीनवर हळूहळू मडगार्डचा आकार उमटला. मग तो स्टँडवरून उतरवताना टक् झालं. बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा रोहिणीच्या हातात आला.

मामांकडे बघायची मला हिंमत होईना.

"स्कॅन झालं होतं ना आधी?" मामांनी विचारलं.

"पूर्ण झालंय, काका. सॉरी."

त्यांनी तुकडा घेतला, खिशात ठेवला. "मग दोन काढ. एक माझ्या गाडीला."

नायलॉनचे पार्ट यायला आठवडा गेला. आम्ही मामांकडेच राहिलो. रोहिणीने टायरपासून अंतर वाढवलं आणि आतून ॲल्युमिनियमची पट्टी दिली. मी विचारलं, "आता काही होणार नाही ना?"

"तशी खात्री मी देत नाही," ती म्हणाली. "सुरुवातीला दर थांब्यावर हात लावून बघा."

केतकी परतताना गाडीवर बसली नाही. "तू जा, मी बसने येते," एवढंच म्हणाली. मी एकटा निघालो. वाशी, पनवेल, खोपोली. प्रत्येक ठिकाणी उतरून मडगार्डवर तळहात ठेवला. गरम लागायचा, पण घट्ट. बोरघाटात मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हँडलवरची बोटं आखडायची. घरी पोचलो तेव्हा ती सरळ होईनात.

या गोष्टीला आता बरेच दिवस झालेत. मडगार्ड मजबूत आहे. केतकी परवा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागे बसली. माझा शर्ट तिने इतका घट्ट धरला होता की शिवण उसवली.

नव्या मडगार्डचा फोटो इंटरनेटवर टाकल्यापासून हेच मॉडेल असलेल्या कितीतरी जणांनी मेसेज केलेत. एकाने लिहिलं, "दादा, फक्त फाईल पाठवा, घरच्या मशीनवर काढतो." रोहिणीने दिलेली स्कॅनची फाईल माझ्याकडे आहे, पाठवायला क्षणभर लागेल. मी त्याला विचारलं, तुमच्या मागे कोण बसतं?

"मुलगी. शाळेत सोडतो," त्याने लिहिलं.

फाईल मी पाठवलेली नाही. त्याला लालबागचा रस्ता सांगितलाय.