चेकपोस्टवर अडलेली वेणू

"ड्रायव्हर, नीचे उतरो. चाबी दो."

मी किल्ली काढून पोलीस साहेबाच्या हातात दिली. आम्ही लुंबिनीहून परतत होतो. नेपाळची हद्द संपून आपल्या बाजूचं चेकपोस्ट लागलं होतं. जाम गावच्या चौकातून मी बरीच वर्षं प्रायव्हेट टूरची बस चालवली. ही ट्रिप ऐंशी सालाच्या आसपासची. गाडीत समुद्रपूर-वडनेरकडची बौद्ध मंडळी होती. बायका जास्त.

गाडीचे कागद पक्के होते. नेपाळात गाडी न्यायची तर भन्सार भरावा लागतो, म्हणजे तिथला गाडीवरचा कर. त्याची पावती, परमिट, सगळं माझ्यापाशी होतं. माणसांचं तसं नव्हतं. भारतातल्या माणसाला रस्त्यानं नेपाळात जायला पासपोर्ट लागत नसे. म्हणून कुणी काही आणलंच नव्हतं. जाताना कुणी विचारलंही नाही.

साहेबानं माझ्या कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं बोट मागच्या सीटकडे होतं.

"वो लडकी कौन है?"

ती वेणू. वडनेरच्या सुभद्राबाईंची मुलगी, विशी ओलांडलेली. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. थंडी होती, म्हणून तिनं तिथल्याच बाजारात घेतलेली लांब बाह्यांची नेपाळी चोळी घातली होती. गळ्यात तिथलीच पोतीची, म्हणजे बारीक काचमण्यांची माळ. साहेबानं पुन्हा पुन्हा नाव विचारलं. तिला ऐकू येत नाही, हे आमचं सांगणं त्याला पटेना.

नेपाळातून पोरी फसवून आणणारे त्याच रस्त्यानं यायचे. साहेब त्याचं काम चोख करत होता. म्हणूनच तो सहजी सोडणार नव्हता.

बाई पोलीस वेणूला आत घेऊन गेली. सुभद्राबाई मागं धावल्या. त्यांना दारातच अडवलं.

"माही पोरगी हाय ना जी! मले जाऊ द्या तिच्यापाशी!"

"सब यही बोलते हैं," साहेब म्हणाला. "कागज दिखाओ. नहीं तो तुम्हारे थाने से जवाब आने तक लडकी यहीं रहेगी."

"कब आएगा, साहब?" मी विचारलं.

"आठ दिन. पंधरा दिन. क्या पता."

गाडीतले सगळे साक्ष द्यायला तयार होते. पण सगळे एकाच गाडीतले, आणि साहेबाच्या लेखी मीही त्यांतलाच. तेवढ्यात आतून वेणूचं ओरडणं ऐकू आलं. सुभद्राबाई दारातच बसून रडू लागल्या.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "मावशी, रडून नाई भागणार. पोरीच्या अंगावर काई खूण हाय का? तीळ, डाग, काईबी?"

"गोंदलं हाय ना भाऊ. लहानपणी बाजारात हारपली होती. तिले सांगता येत नाई, म्हून हातावर नाव-गाव गोंदून घेतलं."

"मंग सांगून काऊन नाई राह्यल्या?"

"सुचलंच नाई बापू मले."

मी साहेबाला सांगितलं. बाई पोलिसानं वेणूला बाहेर आणून तिची बाही वर केली. हिरवी अक्षरं होती: वेणू, वडनेर.

"ये तो कोई भी गुदवा लेता है," साहेब म्हणाला. तरी त्यानं तिचा हात उन्हात धरला, अंगठ्यानं चोळून पाहिला. हात वाढला तशी अक्षरं ताणली होती, कडा पसरल्या होत्या. 'ड' आणि 'ने'च्या मधे फट पडली होती. असं गोंदण कालपरवाचं नसतं. ते साहेबालाही दिसलं; त्यानं हात सोडला.

"ले जाओ," तो म्हणाला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

थोडं पुढं गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली. सुभद्राबाईंनी वेणूला पाणी पाजलं, मग निघालो.

पुढच्या ट्रिपपासून प्रत्येकाला तहसीलमधून फोटो लावलेला ओळखीचा दाखला आणायला लावू लागलो. लोक कुरकुरायचे, "नेपाळले पासपोर्ट लागत नाई ना, मंग हे काहाले?"

मी म्हणायचो, "जायले नाई लागत. वापस यायले लागते."