कुंकवाची सीडी

शेंद्र्याच्या एका कारखान्यातलं जुनं मशीन अडून बसलं. त्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला मला एसडीकेची, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनांच्या संचाची, जुनीच आवृत्ती हवी होती. नवी त्याला चालत नाही आणि जुनी वेबसाइटवरून कधीच काढून टाकलेली. मग आठवलं, पहिल्या नोकरीत मिळालेली त्या आवृत्तीची सीडी देवगाव रंगारीला घरी ठेवलीय.

गावी गेलो. सीडी देव्हाऱ्याखाली विळा-कुऱ्हाडीशेजारी होती. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाचा थर, त्यात चिकटलेले तांदूळ. माझं डोकंच फिरलं. "दादा, अक्कल गहाण टाकली का तुम्ही? ही काय पुजायची वस्तू आहे?" मी वडिलांवर ओरडलो.

"तूच म्हणला व्हता, ह्याच्यात माझी अवजारं हायेत," ते हळूच म्हणाले. "मंग खंडेनवमीला पुजायची नाय व्हय?"

मी सीडी धुतली, मऊ फडक्यानं पुसली आणि शहरात आणली. ती बिनतक्रार चालली, मशीनही सुरू झालं. दादांना फोन करून तेवढं सांगायचं मात्र मी टाळत राहिलो.

यंदा खंडेनवमीला सीडी परत घेऊन गेलो. दादांनी विळा, कुऱ्हाड, खुरपं धुऊन पाटावर मांडलं, कुंकू लावलं. सीडी त्यांनी स्वच्छ पिशवीत घालून पाटापासून हातभर लांब ठेवली आणि तिला लांबूनच हात जोडले.

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कुंकू नाय लावलं बरं का."