धुपाच्या झाडावरची पाटी

लोणावळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला आमचं घर आहे. बसकं, वर पत्रा, पुढे लोखंडी फाटक. पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या फाटकातून बाहेर पडायचं म्हणजे आधी देवाला हात जोडायचे, इतक्या गाड्या. पण आमच्या दारापुढे खास आमच्यासाठी गर्दी होते ती फाल्गुनात, धरणाकडे काळं कुत्रं फिरकत नाही तेव्हा. कारण तेव्हा आमचं धुपाचं झाड लाल होतं. थोडंथोडकं नाही, शेंड्यापासून खालपर्यंत कुंकवासारखं लाल. खंडाळ्याच्या हॉटेलांतून निघालेली मंडळी गाडी थांबवतात, झाडाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि मग मला विचारतात, "आंटी, ये कौनसा फूल है?"

"फूल नाही, पान आहे," मी सांगते. "कोवळी पालवी. महिनाभरात हिरवी होईल. तुमची मुलं मोठी झाल्यावर ताळ्यावर येतात ना, तशीच."

मी पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. माझ्या तोंडाला फाटक नाही, असं आमचे हे म्हणतात. ते स्वतः मात्र कडीकुलूप घातलेले. रेल्वेत होते, घाटात गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं लावतात त्यांच्यावर. त्या धडधडाटात आयुष्य गेल्यामुळे असेल, घरी आले की दोनच शब्द बोलत, "बरं" आणि "बघू".

हा धूप इथला नव्हे. पार दक्षिणेकडच्या, बारा महिने ओल धरणाऱ्या जंगलातला. लग्नाला दुसरं वर्ष होतं. कॉलेजच्या मुलांना घेऊन आंबोलीला गेले होते, तिथल्या एका माळ्याने वीतभर रोप दिलं. डालड्याच्या डब्यात लावून मी ते एसटीत मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या सीटवरची बाई सारखी वाकून बघत होती, डब्यात करंज्या असतील म्हणून. लोणावळ्याचा पाऊस त्याला मानवला. मला वाटलं होतं चार वर्षांत मरेल. आज त्याचा शेंडा बघायचा तर डोक्यावरचा पदर पडतो.

धुपाची खरी दौलत म्हणजे राळ. खोडाला कुठे इजा झाली, किड्याने पोखरलं, की तिथून चीक येतो, वाळतो आणि काळा, काचेसारखा खडा होतो. निखाऱ्यावर टाकला की घरभर देवळाचा वास. तिकडे लोक बुंध्याशी जाळ करून जास्त राळ काढतात म्हणे. आमच्याकडे झाडाला काडी लावायची कुणाची हिंमत नाही, मी आहे. जे आपणहून येईल ते घ्यायचं. ते घ्यायचा मान मावशींचा.

मावशी वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहतात. चार घरांची वाडी, खाली भाताची दोन खाचरं. आठवड्यातून तीनदा कामशेतहून लोकलने येतात आणि आमचं अंगण, बाग बघतात. तीस वर्षं झाली. राळेचे खडे पदराच्या गाठीत बांधून वाडीतल्या देवाला नेतात. पहिल्यांदा खोडावरचा चीक पाहिला तेव्हा म्हणाल्या, "बाई, झाड रडतंय वो."

"रडत नाही मावशी, मलम लावतंय. जखम झाली ना, ती बुजवतंय. त्याचं औषध त्याच्याच अंगात असतं."

"मग बरंय की. आमाला दवाखान्यात दिसभर लाइनीत बसाया लागतंय."

असं आमचं छान चाललं होतं. मग एका वर्षी, झाडाखालची गळालेली फुलं झाडता झाडता, मावशी सहज बोलून गेल्या, "बाई, ह्ये झाड मोहोर धरतंय न् टाकून देतंय. येक फळ न्हाई. वांझ दिसतंय."

आता इथे मला स्वतःचं सांगणं भाग आहे. आम्हाला मूल नाही. लग्नाला सहावं वर्ष होतं तेव्हा दोघं पुण्याला डॉक्टरांकडे जाऊन आलो. काय निघालं ते आम्हाला दोघांनाच कळलं. परत येताना तळेगाव मागे पडलं तेव्हा हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही सांगणार." संपलं. त्यानंतर सगळं माझ्या अंगावर आलं. नवस झाले, ओट्या झाल्या, कुणीतरी सांगितलेली कसली कसली मुळं दुधात उगाळून झाली. मी, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, ती मुळं कसली आहेत हे न विचारता प्यायले. मावळात एकही नणंद, जाऊ, शेजारीण उरली नसेल जिने मला तो शब्द तोंडावर नाही तर पाठीमागे ऐकवला नाही. एका सत्यनारायणाला सवाष्ण म्हणून बोलावलं आणि ऐनवेळी दुसरीला बसवलं. मी हसत हसत केळीची पानं मांडत राहिले. तुम्हाला सांगते, मला तो शब्द सुरीसारखा लागतो. आजही.

मावशींना यातलं काय माहीत? त्या आपल्या उपाय सांगत होत्या. "त्यात काय येवढं! सूर्याला गिरान लागू द्या. गिरानात मुसळानं ठोकायचं झाडाला. दोन-चार दनके द्यायचे. फुडच्या साली बगा कसं फळ धरतंय. आमच्या वाडीतला फनस असाच ठोकलावता."

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडले की मावशींच्या हातातला झाडू पडला. "माझ्या झाडाला मुसळ लावाल तर बघा. ते नर आहे. या जातीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. पपईसारखं."

"पपईचा नर तर आमी उपटून टाकतो."

वकील व्हायची ही बाई. मी म्हटलं, "पपई काही राळ देत नाही. हा देतो."

मावशींनी विचार केला. "व्हय, त्ये बी खरंय. राळ देतोय म्हंजी कमावता हाय. कमावत्या बाप्याला कोन मुसळ मारतंय?"

बघा, एका वाक्यात झाड सुटलं. त्याच आठवड्यात मी बाजारातून पत्र्याची पाटी रंगवून आणली, पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांत: "राळधूप. नर." ह्यांनी ती तारेने बांधून दिली. काही विचारलं नाही. "बरं" म्हणाले.

खरं सांगू? ते नर आहे की मादी हे मला ठाऊक नव्हतं. फुलं तांदळाच्या दाण्याएवढी, शेंड्याला. पण खाली तर पडतच होती. एक उचलून भिंगाखाली धरलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पस्तीस वर्षं मुलांना "आधी बघा, मग लिहा" म्हणून डाफरणारी मी, माझ्याच अंगणात वाकून एक फूल उचललं नाही. मला बघायचंच नव्हतं.

पण माकडांना कुठे माझी अडचण माहीत. यंदाच्या फाल्गुनात त्यांची टोळी झाडावर धुडगूस घालत होती, एक फांदी कडाकडा मोडली आणि पत्र्यावर आदळून नेमकी माझ्या पायाशी आली. तिच्यावर मोहोर. आता मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. भिंग काढलं, जुनं ब्लेड काढलं, फूल उभं चिरलं. पुंकेसर होते, पण नावापुरते, परागाचा कण नाही. आणि मधोमध गुबगुबीत अंडाशय. दुसरं चिरलं. तिसरं. दहा फुलं चिरली. दहाच्या दहा मादी.

मी पडवीत गेले. हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हटलं, "अहो, झाड मादी आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघू," म्हणाले आणि उठून खरंच भिंगातून पाहिलं. त्यांना त्यातलं काय कळणार, पण बराच वेळ पाहत राहिले.

ती फांदी मी वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागे लपवली. साठीच्या पुढची बाई, एखाद्या पोरीसारखी लपवाछपवी करत होते. पाटी बदलली नाही. म्हटलं, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय? तीन दिवस मी झाडाकडे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी मावशी फ्रीजमधून मिरच्या काढायला गेल्या आणि फांदी घेऊनच बाहेर आल्या.

"बाई, ह्ये काय म्हनून जपून ठिवलंय?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुढ्यात फूल असताना मला खोटं बोलता येत नाही. सवयच नाही. मी सांगून टाकलं. "मावशी, माझं चुकलं. झाड नर नाही. बाई आहे."

मावशींनी झाडाकडे बघितलं, मग फांदीकडे, आणि मग अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "म्हंजी मी म्हनले त्येच. वांझच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "वांझ, वांझ! दुसरा शब्द येत नाही का तुम्हा लोकांना? तिचं काय चुकलं? तिच्या जातीचा एक नर नाही शंभर कोसांत, पराग कुठून यायचा, आभाळातून? आणि तरी दरवर्षी फुलतेय बिचारी. तिलाच का मुसळ? सगळं तिलाच का?" मी आणखीही बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण शेवटी शेवटी ते झाडाबद्दल नव्हतं हे माझं मलाच ऐकू येत होतं. आवाज फाटला. 

तेव्हा पडवीतून हे बोलले. पेपर खाली ठेवून, उभे राहून.

"मावशी, झाडात दोष नाही."

मावशी वळल्या.

"आणि हिच्यातही नव्हता. माझ्यात होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी हिला म्हटलं, कुणाला सांगू नको. हिने नाही सांगितलं."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात इतकी वाक्यं एका दमात बोललेली मी ऐकली नव्हती. मला काय वाटलं म्हणता? आधी भीती वाटली. त्यांच्यासाठी. हा माणूस आता मावशींपुढे कसा उभा राहणार, असं वाटलं. मग राग आला, इतकी वर्षं कुठे होतात म्हणून. आणि मग मी पायरीवर बसले.

मावशी ह्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "येवढी वरसं ह्या बाईनं समद्यांचं ऐकून घेतलं?"

"हो."

"आन् तुमी पेपर वाचित बसलावता?"

"हो."

मावशींनी फांदी माझ्या मांडीवर ठेवली. अंगणातला झाडू उचलला, उलटा धरला, पडवीच्या दोन पायऱ्या चढल्या आणि झाडूच्या दांड्याने ह्यांच्या खांद्यावर एक ठेवून दिला. फार जोरात नाही. पण लागेल इतपत.

"गिरान न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर चालतंय."

ह्यांनी खांदा चोळला आणि म्हणाले, "आणखी एक द्या." मावशींनी दिला. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता कधी हमसून रडायला लागले ते कळलं नाही. मावशी शेजारी येऊन बसल्या आणि माझी पाठ चोळत राहिल्या. "रडा," म्हणाल्या. "मलम लावताय न्हवं, लावा."

दुपारी ह्यांनी शिडी लावून पाटी उतरवली. हिरवा रंग घरात होताच. शिक्षिकेच्या घरात ब्रशची कमतरता नाही. मला वाटलं "नर" पुसून "मादी" लिहितील आणि झालं. त्यांनी तेवढं केलंच, पण खाली जागा उरली होती तिथे बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं आणि मला न दाखवता पाटी तारेने घट्ट बांधली. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी मला हाताला धरून फाटकापाशी नेलं.

"काय लिवलंय भाऊनं? वाचा मोठ्यानं."

रस्त्यावर एक गाडी थांबली होती, चारजण झाडाचा फोटो काढत होते. मी चष्मा लावला आणि वर्गात वाचायचे तशी पाटी खणखणीत आवाजात वाचली.

"राळधूप. मादी. फळ नाही, यात तिचा दोष नाही."

"हां," मावशी म्हणाल्या. "आता पुन्यांदा वाचा."