कासाबाईची वाघुरीची गाठ

कासाबाईनं मारलेली गाठ कासाबाईनंच सोडावी, असं परभणीच्या अलीकडच्या त्या बियाण्याच्या प्लॉटावर सगळ्या बाया म्हणत. तिचा बाप मेंढ्या राखायचा. मेंढ्या कोंडायची जाळी असते, तिला वाघूर म्हणतात. ती विणता विणता पोरीच्या बोटांत गाठ बसली ती बसलीच. लग्न झालं, मेंढ्या गेल्या, नवराही गेला, गाठ तेवढी राहिली.

प्लॉटावरचं काम नाजूक. खुरपं धरणाऱ्या प्रत्येकीला जमायचं नाही. पोळा झाला की कापूस कळ्यांवर येतो. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या अन् आतला पिवळा तुरा सोलायचा, वर लाल कागदाची टोपी घालून दोऱ्यानं बांधायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीचं फूल तिच्यावर घासायचं, अन् परत टोपी. आपल्या आधी मधमाशीनं तोंड घातलं की कळी बाटली. तिचं बी कामाचं नाही.

सतरा वर्षं कासाबाई पहिल्या सरीला होती. तिनं पहिली कळी धरल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. घरात तिला कुणी विचारो न विचारो, संध्याकाळचे तीन तास मात्र कासाबाई पाटलीण असायची.

यंदा प्लॉटावर बियाणं कंपनीच्या नव्या मॅडम आल्या, केरळच्या. मराठी शून्य, हिंदी मोडकी, सगळा कारभार इंग्रजीत. अन् यंदाच गावातल्या बन्सीधरची सून निकिता कामाला लागली. बारावी पास. मॅडम म्हणाल्या "टेक ऑफ", की निकितानं टोपी काढली. "पुट ऑन" म्हणाल्या की घातली. "थ्रो अवे" म्हणाल्या की किडकी कळी फेकली. बाकीच्या बाया मॅडमच्या तोंडाकडं बघत उभ्या, पंगतीत पत्रावळ न मिळालेल्या पाहुण्यांसारख्या.

चौथ्या दिवशी मुकादम रंगनाथ मान खाजवत आला. "कासाबाई, तुमी जरा तिसऱ्या सरीला सरका. निकिताला ऱ्हाऊ द्या पुढं. मॅडमला बोलायला बरं पडतंय."

"कळीला इंग्रजी कळतंय व्हय, रंगनाथराव?"

"कळीला न्हाई, मॅडमला कळतंय."

कासाबाई सरकली. तिसऱ्या सरीतून तिला निकिताची पाठ दिसायची, अन् त्या पाठीवरची लांब वेणीसुद्धा आपल्याला वाकुल्या दाखवतेय असं वाटायचं. मॅडम पुढं हसल्या की हिला इकडं मिरच्या झोंबायच्या. निकिता वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती जेवताना डबा पुढं करायची, "मावशी, लोणचं घ्या की." कासाबाई लोणचं घ्यायची अन् म्हणायची, "लय खारट झालंय."

शेजारच्या सरीतली सरजाबाई एकदा म्हणालीच, "कासे, डोळ्यानं जाळशील गं त्या पोरीला."

"माझ्या डोळ्यात कुठली एवढी आग? मोतीबिंदू हाय तिथं."

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं नातीला, नववीतल्या दीपिकाला, पुढ्यात बसवलं. "मला ते टेक शिकव."

"कोणतं टेक, आजी? टेक ऑफ म्हंजे काढणं. टेक आउट म्हंजे आतलं बाहेर काढणं. टेक आफ्टर म्हंजे आईबापाच्या वळणावर जाणं. अन् टेक ओव्हर म्हंजे दुसऱ्याचं काम आपल्या ताब्यात घेणं."

"म्हंजे त्या निकितानं माझं केलं ते."

"व्हय, तेच."

"अगं पण सून एक अन् सासवा चार! ज्या सासूच्या हाताखाली जाईल तशी वागती का ही टेक?"

दीपिका खो खो हसली. "आपल्यात काय वेगळं हाय? घेणं एकच. पण अंगावर घेणं निराळं, मनावर घेणं निराळं, डोक्यावर घेणं निराळं."

"मग मी मनावर घेतलंय म्हण."

अन् खरंच घेतलं. भाकरी तव्यावर टाकताना "पुट ऑन", उतरवताना "टेक ऑफ". टोपली पालथी घालून ठेवलेली कोंबडी निसटली की "कम बॅक, मुडदे!" तिच्या ध्यानात आलं, की ही ऑफ अन् अप मंडळी काही आजची नव्हेत. मोबाइल स्विच ऑफ, दवाखान्यात चेकअप, नवरीचा मेकअप, कापूस नेणारी पिकअप. एवढी वर्षं पाहुणे घरात राहून जेवून जात होते अन् आपण कधी नाव विचारलं नाही. शेपटीचा शब्द धरला की जनावर कोणत्या बाजूला वळणार ते कळतं, एवढं तिनं मेंढ्यांवरून ताडलं.

दोन दिवसांनी मॅडम सरीतून जाताना म्हणाल्या, "हरी अप, हरी अप." कासाबाई ताठ होऊन मोठ्यानं म्हणाली, "येस, हरी अप!" मॅडम गोड हसल्या, मान डोलावली, अन् निकिताजवळ जाऊन बसल्या. कासाबाईनं ती अख्खी ओळ दात खाऊन सोलली.

त्याच संध्याकाळी वारं सुटलं. काम संपून बाया टमटमकडं निघाल्या. निकिताचं लेकरू तापानं फणफणलं होतं, ती सगळ्यांत आधी घाईनं निघून दुचाकीवर बसून गेलीसुद्धा. कासाबाई बांधावर विसरलेला डबा घ्यायला मागं फिरली, तर पहिल्या सरीत लाल टोप्या जमिनीवर लोळतायत. पाच, सहा, नऊ. निकितानं गडबडीत नुसताच पीळ दिला होता, दोरा वाऱ्यानं सुटला. कळ्या उघड्या पडलेल्या, न्हाऊन बाहेर आलेल्या लेकरांसारख्या.

राहू दे उघड्या, असं आधी तिच्या मनात आलं. सकाळी माशा येतील, मॅडम बघतील, मग कळंल इंग्रजी किती कामाला येतं ते. शिवाय दुसरीच्या सरीला हात लावला तर घरी बसवणार, असा मॅडमचा नियमच होता. प्रत्येक सरीच्या तोंडाला बाईच्या नावाची चिठ्ठी. लांबून टमटमवाल्यानं भोंगा वाजवला. कासाबाई वीस पावलं गेली. टमटमही दिसायला लागली.

पण सतरा वर्षांत पहिल्या सरीची कळी रातभर उघडी राहिली नव्हती. चिठ्ठीवर नाव कुणाचंही असो, सरी तिची होती. अन् कळ्यांनी तिचं काय घोडं मारलं होतं?

ती परत फिरली. एकेक टोपी झटकायची, घालायची, बांधायची. प्रत्येक गाठीला निकिताच्या नावानं एक शिवी. नऊ टोप्या, नऊ शिव्या. तोवर टमटम निघून गेली. घरापर्यंत ती पायी गेली.

सकाळी मॅडमनं पहिल्या सरीतली टोपी ओढली, निघेना. दुसरी ओढली, तीही निघेना. त्यांचा आवाज चढला. रंगनाथ धावत आला. सरजाबाईनं वाकून बघितलं अन् तोंडावर पदर घेतला. "ही वाघुरीची गाठ. अशी गाठ मारणारी इथं एकच बाई हाय."

सगळ्या बायांचे डोळे कासाबाईकडं वळले. हेव्यानं पोरीच्या कळ्यांत काहीतरी करून ठेवलंय, असं त्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं. कासाबाईनं तोंड उघडलं, पण मॅडमला कळेल असं त्यात काहीच नव्हतं, अन् रंगनाथचं इंग्रजी 'येस मॅडम'पाशीच संपायचं. जे काय सांगायचं ते आता निकिताच सांगणार. अन् ती पोर गप्प राहिली तरी तिचं काही बिघडत नव्हतं. उलट सरी कायमची तिची होत होती.

निकिता बोलायला लागली. भराभर, घाबरी होऊन. कासाबाई बकरीच्या मागं धावावं तशी त्या शब्दांच्या मागं धावली. "...केम ऑफ..." केम काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण ऑफ म्हणजे निघालं, सुटलं. निकितानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग तेच बोट कासाबाईकडं वळवलं. "...पुट देम बॅक ऑन."

बॅक. ऑन. परत. वर.

कासाबाईच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. तिनं ते मोतीबिंदूवर ढकललं.

मॅडमनं कात्रीनं एक दोरा कापला. आतली कळी कोरी, जशीच्या तशी. मॅडम निकितावर रागावल्या, मग कासाबाईकडं बोट करून रंगनाथला मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "कल से ये आगे. वो बाजू में बैठेगी, गाँठ सीखेगी."

अशी पहिली सरी परत आली. पण हेवा काही पूर्ण गेला नाही. चारचौघांत स्वतःची चूक त्या पोरीनं अशी सांगून टाकली. आपल्याच्यानं झालं असतं का, हे कासाबाईला आता नव्यानं टोचायला लागलं. पोरीच्या लोणच्याला मात्र ती त्या दिवसापासून खारट म्हणाली नाही.

"मावशी, शिकवा की आता गाठ," निकिता म्हणाली.

कासाबाईनं शिकवली. दोरा असा घे, असा वळव, आतून काढ. मन लावून शिकवली, पण शेवटचा पेच तिनं हंगाम सरेपर्यंत, थेट दिवाळीपर्यंत पोरीला दाखवला नाही.