अप्पांचा एकच आकडा

आकड्यांशी उभा दावा मांडलेला माणूस साऱ्या सोलापुरात एकच, आणि तो शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. गंमत म्हणजे अप्पांनी जन्मभर गणितच शिकवलं. पण घरात त्यांना आकडा खपत नाही. बातम्यांत तापमान सांगू लागले की ते आवाज बंद करतात आणि ओट्यावर येऊन, हात पुढे करून ऊन बघतात. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तर म्हणाले, "आकडा नगा सांगू. माणूस कसा हाय तेवढं सांगा की." वय विचारलं तर दारातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवतात, याच्याहून थोडा मोठा म्हणून. दुपारी त्याच कडुनिंबाखाली खाट टाकून डोळे अर्धे मिटून पडतात. त्यांची माणसं अक्कलकोटकडची, त्यामुळे अशा वेळी आतलं कानडी हळूच ओठांवर येतं.

शाळेत बुद्धिमापन चाचणी घ्यायचं काम मात्र नेमकं अप्पांकडेच होतं. बुद्ध्यांक कुणालाही सांगायचा नाही, हा त्यांचा पण. आईबाप दारात ठाण मांडून बसत. अप्पा त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घालत आणि तसंच परत पाठवत. "पोरगं अजून वाढतंय. आकडा सांगितला की तितंच बसंल त्ये!" आजवर एकालाबी सांगितला न्हाय, हे म्हणताना अजूनही त्यांची मान ताठ होते. ते खरं नाही, हे फक्त मला माहीत आहे.

सहावीत चाचणीतले निम्मे चौकोन कोरे सोडून मी रडत घरी आले होते. संध्याकाळी अप्पांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. उशाशी पेपरांचा गठ्ठा, अप्पा गुंगीत. "अप्पा, माझं काय झालं?" डोळे न उघडताच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, "नूरु." मला कुठलं येतंय कानडी! शब्द मैत्रिणीच्या घरी ऐकल्यासारखा वाटला, म्हणून धावत तिच्या आईकडे, खालाकडे गेले. "नूर बोले तो उजाला, बेटी. चेहरे का उजाला," खाला म्हणाली. त्या उजेडात मी दहावी, बारावी, डी.एड. सगळं पार केलं. कुठं अडलं, की आरशात बघून यायची.

पुढे अक्कलकोट तालुक्यात शिक्षिका झाले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कानडी वर्गातली मुलं आकडे मोजत एका सुरात ओरडली, "तोंबत्तेंटु, तोंबत्तोंबत्तु, नूरु!" नूरु म्हणजे शंभर. बुद्ध्यांक शंभर, म्हणजे अगदी चारचौघींसारखी. खडू हातात धरून मी हसले की रडले, आठवत नाही. पण अकरा वर्षांच्या मला तो आकडा कळला असता, तर मी निमूट चारचौघींत जाऊन बसले असते.

परवा माझ्या लेकीच्या चाचणीचा निकाल बंद पाकिटात आला. "आई, माझा किती?" तिनं दोन दिवस पिच्छा पुरवला. सांगावं की न सांगावं, मला काही सुचेना. शेवटी तिला घेऊन अप्पांकडे गेले. अप्पा आता फार थकलेत. मी दिलेलं पाकीट त्यांनी न उघडताच उशीखाली सारलं.

"अप्पाआजोबा, सांगा की!"

चाचपडत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोळे मिटूनच म्हणाले, "नूरु."

पाकीट तर त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं. म्हणजे त्या संध्याकाळी माझा पेपर तरी बघितला होता का? विचारणार होते, पण अप्पांचा डोळा लागला होता.

"आई, नूरु म्हणजे काय गं?"

"उजेड," मी म्हणाले.

ती आरशात बघायला घरात पळाली, आणि मी अप्पांचा हात हातात घेऊन तिथंच बसून राहिले.